अंगणवाडीतले 'अंगण' कोणाचे?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात गेलो तरी एक पाटी हमखास दिसते: अंगणवाडी केंद्र. हा शब्द इतका सरावाचा झाला आहे की तो कोणीतरी, एका विशिष्ट अडचणीतून घडवला असेल हे आपल्या मनातही येत नाही. आजचा थ्रेड त्या शब्दाविषयी आहे आणि त्याच्या आडून एका प्रश्नाविषयी. तीन-चार वर्षांच्या मुलाला भीती वाटते, हेवा वाटतो, अनोळखी माणसापुढे त्याची वाचा बसते, दुसऱ्याच्या हातातली वस्तू ते ओढून घेते. या गोष्टींचा शिक्षणाशी संबंध आहे, किंबहुना या वयात हेच शिक्षण आहे, असे आपल्याकडे कोणी आणि कुठे मानले?

थ्रेड लांब आहे. चहा घेऊन बसा.

युरोपातली पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या तेव्हा फिलाडेल्फियात राहून त्यांनी ही पद्धत शिकून घेतली होती. रमाबाईंच्या चरित्रातला हा धागा सहसा कोणी उलगडत नाही. शारदा सदनाची (१८८९) चर्चा धर्मांतराच्या वादापाशी येऊन थांबते आणि बालशिक्षणाचा विषय मागे पडतो.

खरी कलाटणी मिळाली ती रोममध्ये. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंत्सो या कामगारवस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी 'कासा देइ बांबिनी', म्हणजे मुलांचे घर, सुरू केले. त्यामागचा हेतू फार उदात्त होता असे नाही. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींच्या भिंती खराब करतात, ही इमारतमालकांची तक्रार होती. मुलांना कोणीतरी सांभाळावे एवढीच त्यांची अपेक्षा. माँटेसरींनी मात्र त्या खोल्यांची प्रयोगशाळा केली.

माँटेसरी म्हटले की आपल्याला लाकडी ठोकळे आणि दट्ट्यांच्या पेट्या आठवतात. तिथली एक व्यवस्था मात्र मला त्या साहित्यापेक्षा महत्त्वाची वाटते. वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवायचा. दुसऱ्याने घेतलेली वस्तू हवी असेल, तर त्याचे काम संपेपर्यंत थांबायचे. बाईंनी 'वाटून घ्या' असा उपदेश करायचा नाही. थांबणे ही त्या खोलीचीच रीत असते. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असल्याने धाकटे थोरल्याकडे पाहून शिकते आणि थोरले धाकट्याला सांभाळून घेते. संयम, दुसऱ्याच्या कामाचा मान, मदत मागणे आणि मदत करणे या गोष्टी तोंडी न शिकवता जागेच्या रचनेतून शिकवता येतात, हा तो शोध होता. 'जागा' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळे त्याच्यावर येऊन ठेपणार आहे.

आता भावनगर. गिजुभाई बधेका (जन्म १८८५) पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचाराने त्यांनी माँटेसरींची पुस्तके वाचायला घेतली आणि अखेर वकिलीच सोडली. १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. तिथे शिक्षा नव्हती. आणि लोकांना अधिक खटकणारी गोष्ट म्हणजे बक्षिसेही नव्हती. मार देऊन मूल घाबरते हे पटणारे काही लोक तेव्हाही होते. पण बक्षिसाच्या आशेने काम करणारे मूल कामाऐवजी देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागते, हे पटायला जड होते. आजही आहे.

गिजुभाई माँटेसरींचे आंधळे अनुयायी नव्हते. लहान मुलांना परीकथा सांगण्याबाबत माँटेसरी साशंक होत्या; वास्तवाची ओळख आधी व्हावी असे त्यांचे मत. गिजुभाईंनी मात्र गोष्ट बालमंदिराच्या मध्यभागी आणून बसवली. भूत, राक्षस, हरवलेले कोकरू, लबाड कोल्हा हे सारे मुलाच्या मनातल्या भीतीला आणि रागाला चेहरा देतात, आणि चेहरा मिळालेल्या भीतीशी खेळता येते. (हा अर्थ मी लावतो आहे, त्यांचे वाक्य नव्हे.) गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. नाव गमतीचे, पण त्यात त्या काळाचे मतही आहे: लहानग्यांच्या मनाची काळजी पुरुषाने घेणे ही नाव ठेवण्याजोगी अपूर्वाई होती.

१९२३ साली या बालमंदिरात ताराबाई मोडक दाखल झाल्या. जन्म मुंबईत, १८९२. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजातले. ताराबाई पदवीधर झाल्या, विवाह होऊन अमरावतीला गेल्या आणि १९२१ मध्ये पतीपासून विभक्त झाल्या. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. त्या काळी एका हिंदी स्त्रीला मिळालेले हे मोठे पद. ते सोडून त्या भावनगरला एका बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षण पत्रिका' गुजरातीत निघत होतीच. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीत आणली. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, धाकटे भावंड आल्यावर पुन्हा अंथरूण का ओले करते, अशा प्रश्नांना मराठीत गंभीर विषयाचा दर्जा मिळवून देण्यात या चळवळीचा वाटा मोठा आहे. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते महाराष्ट्राच्या इतिहासात सहसा येत नाही. माँटेसरी स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि त्या एकाएकी 'शत्रुराष्ट्राच्या नागरिक' ठरल्या. त्यांना अड्यारच्या परिसरातच स्थानबद्ध करण्यात आले आणि मुलगा मारिओ याची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. ३१ ऑगस्ट १९४० हा माँटेसरींचा सत्तरावा वाढदिवस. त्या निमित्ताने सरकारने मारिओला सोडले. आईपासून तुटलेल्या मुलाचे काय होते यावर आयुष्यभर विचार केलेल्या बाईला वाढदिवसाची भेट म्हणून तिचा मुलगाच परत मिळाला. साम्राज्याला कधीकधी असे सुचते.

पण दादरच्या शिशुविहाराची एक मर्यादा होती आणि ती ताराबाईंना दिसत होती. येणारी मुले मध्यमवर्गीय. साहित्य महागडे. गांधीजींच्या ग्रामसेवेच्या विचाराचे दडपणही होतेच: हे सारे खेड्यातल्या मुलाला कधी मिळणार? वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई बोर्डीला आल्या त्या १९९२ साली मृत्यू येईपर्यंत या कामातून बाहेर पडल्या नाहीत.

आता १९४५ हे वर्ष आणि हा प्रदेश नीट पाहा. २३ मे १९४५ रोजी याच भागातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालचा हा लढा. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली आपल्या बायकोसह त्याचा गडी होऊन राही. या प्रथेला 'लग्नगडी' म्हणत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण मारले गेले. बोर्डीचे बालशिक्षा केंद्र सुरू झाले ते या वातावरणात, याच टापूत.

आपली पाठ्यपुस्तके या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात. एक 'शिक्षणकार्य', दुसरी 'शेतकरी चळवळ'. पण वेठीला जाणारा बाप आणि बालवाडीत न येणारे मूल एकाच झोपडीत राहत होते.

कारण बालवाडी सुरू झाली, आणि जी मुले यावीत म्हणून ती काढली होती, तीच आली नाहीत. गावातली बऱ्या घरची मुले मध्यवर्ती बालवाडीत येत. दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुले येत नव्हती. त्यांना तिथे पोहोचवणार कोण? आई कामावर. घातलेल्या कपड्यांची लाज, अनोळखी बोली, आणि ज्या वस्तीत शिवाशिव पाळली जाई तिथून चालत जायचे. तीन वर्षांच्या मुलाला अस्पृश्यता हा शब्द कळत नाही. पण आपल्याकडे पाहून मोठ्यांचे चेहरे आक्रसतात हे त्याला नेमके कळते.

यावर एक सोपे उत्तर उपलब्ध होते: 'या लोकांना शिक्षणाचे महत्त्व नाही.' ते उत्तर देऊन शांत बसलेल्या संस्था आपल्या इतिहासात थोड्या नाहीत. ताराबाईंनी उलटे केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी झोपडीसमोर, झाडाखाली, मोकळ्या जागेत रोज मुले जमवू लागल्या. मध्यवर्ती बालवाडीपासून वेगळे ओळखता यावे म्हणून या रूपाला नाव पडले अंगणवाडी.

शब्दाची गंमत पाहा. गुजरातीत वाडी म्हणजे बाग, मळा. कोकणातही नारळी-पोफळीची वाडी असते. म्हणजे बालवाडी हे फ्रोबेलच्या 'मुलांच्या बागे'चेच देशी रूप झाले. पण मराठीत वाडी म्हणजे वस्तीही. अंगणवाडीत हा दुसरा अर्थ पुढे येतो.

अंगणाने काय बदलले? पहिली गोष्ट, भीती. नव्या जागी, नव्या माणसांत मूल रडते ते आजूबाजूला ओळखीचा चेहरा नसतो म्हणून. अंगणात आजी दारात बसलेली असते, कोंबड्या त्याच असतात, बोली तीच असते. नवे असते ते एकच माणूस, आणि ते पाहुणे म्हणून आलेले असते. घाबरायचे असेल तर बाईंनी घाबरावे.

दुसरी गोष्ट, कडेला उभे राहण्याची मुभा. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकट्याने खेळणे, नुसते पाहत उभे राहणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, आणि मग हळूहळू एकमेकांत मिसळून खेळणे अशी रूपे त्यांनी नोंदवली. यातले 'नुसते पाहणे' बंद खोलीच्या वर्गात फार अवघड असते. आत आलेल्या मुलाकडून काहीतरी करण्याची अपेक्षा असते. अंगणाला भिंत नसते. एखादे मूल चार दिवस कुडाच्या आडून पाहू शकते आणि पाचव्या दिवशी येऊन बसू शकते. बोर्डीत पार्टनचे वर्गीकरण कोणी डोळ्यांसमोर ठेवले होते असे माझे म्हणणे नाही. जागेनेच ते घडवले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कडेवरचे भावंड. पाड्यावरची सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. म्हणजे शिशू, बालवाडीचे मूल आणि प्राथमिक शाळेची मुलगी हे तीन वेगळे प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. १९५७ साली केंद्र डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तिथे विकासवाडी या नावाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवण्याचा प्रयोग झाला. ताई वर्गात, धाकटा पलीकडच्या पाळण्यात. मधल्या वेळेत तिने त्याला पाहून यायचे.

याच सुमारास जगात काय चालले होते? ब्रिटनमध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ मध्ये आला. लहान मुलाच्या मानसिक आरोग्याला आईशी, किंवा आईची जागा घेणाऱ्या एका कायम व्यक्तीशी, जिव्हाळ्याचे नाते लागते हा त्याचा गाभा. अहवाल युगप्रवर्तक होता यात वाद नाही. पण त्यातले चित्र एका आईचे आणि एका मुलाचे आहे. पाड्यावरच्या त्या दीड वर्षाच्या पोराला दिवसभर सांभाळणारी व्यक्ती त्याची आठ वर्षांची बहीण होती. जगातल्या कितीतरी समाजांत मुलांना मुलेच वाढवतात, याकडे अभ्यासकांचे गंभीरपणे लक्ष वेधणारा थॉमस वाइझ्नर आणि रोनाल्ड गॅलिमोर यांचा निबंध आला १९७७ मध्ये. कोसबाडच्या बायकांनी सिद्धांत मांडला नाही. त्यांनी पाळणा शाळेच्या शेजारी नेऊन बांधला.

गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली: गुरे जिथे चरतात तिथेच शिकायचे. महागड्या लाकडी साहित्याची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या यांनी घेतली. लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खरखरीत समजायला शिंपला पुरतो. शिवाय तो मुलानेच वेचून आणलेला असतो. आपण आणलेल्या वस्तूने बाई शिकवतात, यातून मुलाची मान जी ताठ होते तिची किंमत कोणत्याही साहित्याच्या यादीत लिहिलेली नसते.

इथवर मी कौतुकच करत आलो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एका जागी अडखळायला हवे. या अंगणवाड्यांचा दिवस स्वच्छतेने सुरू होई: आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे. खरूज आणि डोळे येणे सर्वत्र असलेल्या काळात त्याची गरज होती. पण त्याचबरोबर हेही खरे की शहरातून आलेली सवर्ण, शिकलेली स्त्री आदिवासी मुलाला धुऊन काढते, या दृश्यात सत्तेचे एक नाते आहे. 'तू आधी अस्वच्छ आहेस' हा पहिला धडा ठरू शकतो. तो कधी कधी ठरलाही असेल. दुसरीकडे, ज्या मुलांना शिवायचे नाही असे भोवतालचा समाज मानत होता, त्यांच्या केसांत रोज सकाळी कोणीतरी प्रेमाने हात घालत होते. मला ही दोन्ही वर्णने खरी वाटतात आणि त्यांतले एक निवडून दुसरे पुसून टाकावे असे वाटत नाही.

आता सरकारकडे वळू. १९४४ साली, म्हणजे बोर्डीच्या आदल्याच वर्षी, केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाचा अहवाल आला होता. सार्जंट योजना म्हणून तो ओळखला जातो. वसाहतीच्या शेवटच्या टप्प्यातला हा कागद आश्चर्यकारकरीत्या स्पष्ट आहे: पूर्वप्राथमिक शिक्षणाचा मुख्य हेतू औपचारिक पाठ नसून मुलाला सामाजिक अनुभव देणे हा असावा, ते मोफत असावे, आणि दहा लाख मुलांची सोय व्हावी. कागद कागदच राहिला. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची अपेक्षा होती, त्यात सहा वर्षांखालची मुलेही बसत होती. पण त्या अर्थाने तो फारसा कोणी वाचला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सक्तीचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू केला.

मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि बोर्डीत घडलेला शब्द देशभर गेला. ताराबाईंचे निधन त्याआधी दोन वर्षे, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी झाले होते. (माँटेसरींच्या जन्मदिवशी. योगायोग, अधिक काही नाही.) योजनेत सहा सेवा होत्या, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. यातल्या पहिल्या काहींचे मोजमाप होते: किती किलो, किती डोस, किती लाभार्थी. कुपोषणाने मुले मरत असलेल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळणे योग्यच. उपाशी मूल खेळत नाही. पण जे रजिस्टरमध्ये मांडता येत नाही ते हळूहळू कामातून गळते. एक मूल आज कुडाआडून बाहेर आले, हे लिहायला रकाना नव्हता.

आणि हे काम करणाऱ्या बाईचे काय? ती त्याच गावातली, त्याच बोलीतली असावी, हे अंगणवाडीचे तत्त्व योजनेने उचलले. तिच्या श्रमाला मात्र पगार न म्हणता 'मानधन' म्हटले. ताराबाई आणि अनुताई यांचा त्याग थोर होता; पण त्यागाची ती भाषा पुढे लाखो सेविकांना कमी पैशांत राबवायला सोयीची ठरली, असे मला स्पष्टपणे वाटते.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. प्रकरण गुजरातमधले, गिजुभाईंच्या प्रांतातले. सेविका या केवळ मानधनावरच्या कार्यकर्त्या आहेत, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. त्यासाठी दिलेल्या कारणांत एक कारण असे होते की अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शाळा चालते आणि तिथे शिकवण्याचे काम या बायकाच करतात.